विशारद झालं, पुढे काय?

"विशारद झालीस म्हणजे आता तू डबल ग्रॅज्युएट!"

वर्तकनगर नाक्यावर वडापावच्या गाडीशी उभ्या असताना शेजारच्या काकू माझ्या मैत्रिणीला असं म्हणाल्या. तिने हसून मान डोलावली. काकू गेल्या आणि ती माझ्याकडे वळली. "खरंच असतं का गं तसं?"

मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. मजा म्हणजे ती गेली दहा वर्षं तबला शिकतेय आणि मी मास मीडियाची डिग्री घेऊन बसलेय, तरी हा साधा प्रश्न आम्ही दोघींनी कधी कुणाला विचारलाच नव्हता.

तिचं नाव छापायचं नाही अशी अट आहे, कारण घरी अजून बोलणी चालू आहेत. बीकॉम झालंय. म्हाडाची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे घरचे सगळे सध्या शिवाईनगरला भाड्याच्या वन बीएचकेत राहतात. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून दुपारी दोन ते चार रियाझ बंद आणि रात्री आठनंतर तबल्यावर टॉवेल. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसातून अकाउंट्सच्या नोकरीची ऑफर आलीय, उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत. आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या टॅबमध्ये एमए संगीतचा फॉर्म उघडा पडलाय.

"तू पेपरात आहेस ना? मग शोध आणि सांग," तिने फर्मान काढलं. त्या पंधरा दिवसांत जे हाती लागलं ते इथे मांडतेय. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत अशा टॅब उघड्या ठेवून बसलेले बरेच जण असणार, याची मला खात्री आहे.

विशारद म्हणजे डिग्री?

आपल्याकडे गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाला ही शिडी पाठ असते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद आणि शेवटी अलंकार. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षा. काही जण दहावीत वाढीव गुण मिळावेत म्हणून सुरुवात करतात, काही जण आईने घातलं म्हणून. माझं दुसऱ्या प्रकारातलं. पेटी शिकत होते, प्रवेशिका पूर्ण झाली आणि दहावीच्या क्लासचं कारण देऊन सोडली.

या शिडीमागची गोष्ट मात्र मोठी आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानिकाच्या दरबाराऐवजी लोकांच्या वर्गणीवर चालणारी संगीतशाळा ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. दुसरे विष्णू म्हणजे विष्णू नारायण भातखंडे. मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून बंदिशी जमवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, क्रमिक पुस्तकं लिहिली. १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज सुरू झालं. तेच आज भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. संगीताला वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि परीक्षा असू शकते ही कल्पना आपल्याकडे रुजली ती या दोन मराठी माणसांमुळे.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. भारतात डिग्री देण्याचा अधिकार यूजीसी कायदा, १९५६ नुसार विद्यापीठांना आणि तसा दर्जा मिळालेल्या संस्थांनाच आहे. म्हणजे विशारद ही मानाची, कष्टाची परीक्षा आहे, पण ती आपोआप बीए ठरत नाही. काही विद्यापीठं एमए संगीतच्या प्रवेशासाठी 'कुठल्याही शाखेची पदवी आणि विशारद' असं चालवून घेतात, काही बीए संगीतच मागतात, तर काहींचा सगळा भर ऑडिशनवर असतो. त्यामुळे ज्या विद्यापीठात जायचंय त्याचं माहितीपत्रक त्याच वर्षीचं वाचायचं. सीनिअरने तीन वर्षांपूर्वी काय केलं, यावर जायचं नाही.

ती बीकॉम आहे आणि विशारदही आहे. म्हणजे दार बंद नाही. "मग काकू अर्ध्या बरोबर होत्या," ती म्हणाली.

एमएत करतात काय?

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी ठाण्याहून दादर आणि दादरहून चर्चगेट गाठलं. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटलाच आहे, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. संगीताचा अभ्यास केवळ गाण्या-वाजवण्यापुरता नसतो, हे या दोन ठिकाणांच्या इतिहासातूनच कळतं. विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते डॉ. अशोक दा. रानडे. स्वतः गायक असूनही लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत असं सगळं एकाच गांभीर्याने अभ्यासणारे. एसएनडीटीच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. प्रभा अत्रे. विज्ञान आणि कायदा या दोन्हींची पदवी घेतलेल्या या किराणा घराण्याच्या गायिकेने डॉक्टरेट केली ती सरगम या विषयावर. सरगम मैफलीत कशाला, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी गाऊनही उत्तर दिलं आणि लिहूनही.

चहाच्या टपरीवर एमएच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक जण भेटली. गायन करते, बदलापूरहून येते. तिने एका वाक्यात सांगितलं, "एमए तुला गवई करत नाही. तू जे गातेस ते का गातेस, हे विचारायला लावतं."

बहुतेक विद्यापीठांत या दोन वर्षांचा साचा साधारण सारखा असतो. प्रात्यक्षिक, मंचप्रदर्शन, तोंडी परीक्षा, संगीतशास्त्र आणि इतिहासाचे पेपर, आणि संशोधनाचा एक प्रकल्प. गुरूकडची तालीम बाहेर चालूच ठेवावी लागते. बदलापूरची ती आठवड्यातून दोनदा गुरूंकडे जाते आणि लोकलमध्ये नोट्स वाचते. "सकाळची फास्ट असेल तर उभ्यानेच," हेही तिने सांगितलं.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला 'गुरुकुल' म्हणतात, आणि तिथे संगीत, नृत्य, नाट्य एकाच आवारात शिकवतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत शाखेची मुळं तर १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी चालवलेल्या शाळेपर्यंत जातात. छत्तीसगडमधल्या खैरागढला १९५६ पासून फक्त कला आणि संगीताला वाहिलेलं एक आख्खं विद्यापीठ आहे.

एका तबल्याच्या सात वाटा

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं काम संपलं. पण तिचा पुढचा प्रश्न आला. "मास्टर्स म्हणजे कशात? एमबीएला फायनान्स, मार्केटिंग असतं. इथे काय?" तेव्हा कळलं की खरा विषय इथे सुरू होतो. तिच्यासमोरच्या तबल्याचंच उदाहरण घेऊन बघू या.

वादन. हे सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतं. पेशकार, कायदा, रेला, गत यांची तयारी, एकल वादन आणि साथसंगत. परदेशात याला परफॉर्मन्स म्हणतात आणि त्यात डॉक्टरेटही होते. अमेरिकेत अशा डॉक्टरेटला डीएमए असं वेगळं नाव आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या संस्थेत भारतीय संगीताचा विभाग आहे आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया तिथे बरीच वर्षं मार्गदर्शक होते.

संगीतशास्त्र. घराणी कशी घडली, ग्रंथांत काय लिहिलंय, ते आजच्या वादनाशी कुठे जुळतं. यासाठी आपल्याला लांब जायला नको. भारतीय संगीतातला एक पायाभूत ग्रंथ 'संगीतरत्नाकर' शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या दौलताबादला. तबल्यात दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी सहा घराणी. त्यांच्या परंपरांवर मोठा संशोधनग्रंथ लिहिला तो मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी. आपल्या देशात एकल तबला वाजवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. हे वाचून दाखवलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोलली नाही. दहा वर्षांत क्लासमध्ये तिने हे नाव ऐकलंच नव्हतं.

एथ्नोम्युझिकॉलॉजी. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं. संगीत ज्या माणसांचं आहे त्यांच्यात जाऊन, त्यांच्या जगण्यासकट ते समजून घ्यायचं. अमेरिकेत मँटल हूड या अभ्यासकाने १९६० मध्ये आग्रह धरला की दुसऱ्या समाजाच्या संगीताचा अभ्यास करायचा तर ते आधी स्वतः वाजवायला शिका. आपल्याकडे उपवन तलावाच्या मागे येऊरचा डोंगर चढला की आदिवासी पाडे लागतात. तारपा कुणी बनवायचा, कधी वाजवायचा, त्याच्याभोवती नाच कसा फिरतो, हा अभ्यासाचाच विषय आहे. लोककलांत शिरायचं असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमीही आहे.

नादविज्ञान आणि तंत्रज्ञान. तबल्याच्या मधोमध असलेली काळी शाई शोभेची नाही. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणाऱ्या नादाच्या छटा एकमेकींशी सुरेल नातं ठेवत नाहीत. शाईमुळे कातड्याच्या मधल्या भागाचं वजन वाढतं आणि त्या छटा सुरात बसतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. हे शास्त्रीय पद्धतीने मांडलं सर सी. व्ही. रामन यांनी, १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी! आज याच वाटेवर पुढे संगणक आलाय. पवईच्या आयआयटीत डॉ. प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी राग आणि तबल्याचे बोल संगणकाला ओळखता येतील का, यावर काम करतात. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठाने चालवलेल्या कॉम्पम्युझिक या मोठ्या प्रकल्पात हा गटही होता. इंजिनिअरिंगला असलेल्या आणि गुपचूप गाणाऱ्या मंडळींनी इकडे लक्ष द्यावं.

ध्वनिमुद्रण. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. माइक तबल्याच्या कुठल्या बाजूला, किती अंतरावर ठेवायचा हे वाजवणाऱ्याला कळतं तेव्हा रेकॉर्डिंगचा फरक ऐकू येतो.

म्युझिक थेरपी. यावर व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त गप्पा फिरतात. अमुक राग ऐका, तमुक आजार बरा. अभ्यासाची थेरपी अशी नसते. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४४ सालीच याची डिग्री सुरू झाली, आणि आजही तिथे थेरपिस्ट व्हायचं तर पदवीबरोबर १२०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग लागतं. स्वमग्न मुलं, पक्षाघातातून सावरणारे रुग्ण अशांबरोबर डॉक्टरांच्या टीममध्ये राहून करायचं हे काम. म्हणून चार दिवसांचं सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

शिकवणं, लिहिणं, जपणं. संगीत शिक्षण, समीक्षा आणि अर्काइव्ह. 'घरंदाज गायकी' हे मराठीतलं महत्त्वाचं पुस्तक लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते. हे मी मुद्दाम बीकॉमवाल्यांसाठी सांगतेय!

पैशाचं काय?

हा प्रश्न तिच्या वडिलांचा. आणि तो चुकीचा नाही. घराचं भाडं, रिडेव्हलपमेंट कधी संपेल याचा पत्ता नाही, धाकटा भाऊ बारावीला. त्यामुळे गोड गोड न बोलता लिहिते.

एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) असतील तर संगीत विषयात यूजीसी नेट देता येते. त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, तालवाद्य, रवींद्रसंगीत असे पर्याय असतात, म्हणजे तबलावाल्याला गाण्याचा पेपर द्यावा लागत नाही. जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये. सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७००. ऐकायला छान वाटतं, पण कायम जागा थोड्या निघतात आणि अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. हे आधीच माहीत असलेलं बरं.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयासाठी, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी डिग्री नाही, वादन बघतात. आकाशवाणीची ऑडिशन देऊन बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळतात. केंद्रीय विद्यालयांत, नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाची पदं असतात. आणि घरगुती क्लासेस तर आहेतच. आमच्याच पोखरण रोडवरच्या मोठ्या कॉम्प्लेक्समधून शनिवार-रविवारी शिकवायला बोलावणारे पालक आहेत.

एकाच उत्पन्नावर जगणारे कलाकार कमी, हे तिच्या सरांनीच तिला सांगितलं. सर स्वतः तीस वर्षं बँकेत होते. सकाळी तबला, मग बँक, मग पुन्हा तबला. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली आणि मग पूर्णवेळ गाणं निवडलं. प्रत्येकाने आपापलं गणित आपापल्या घरात बसून मांडलेलं दिसतं.

दोन नियम, जे आम्हाला उशिरा कळले

पहिला. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलीय. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात असतील तर वेळा एकमेकींवर यायला नकोत, किंवा एक डिग्री ऑनलाइन अथवा दूरशिक्षणाने करता येते. म्हणजे एमकॉम आणि संगीत हे 'की' नसून 'आणि' असू शकतं.

दुसरा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. ज्यांची डिग्री चार वर्षांची आहे त्यांना एमए एका वर्षात करता येतं.

हा दुसरा नियम तिने घरी जेवताना सांगितला. वडील भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "म्हणजे एक वर्ष करून बघता येतं? वाया नाही जात?" ती म्हणाली, नाही जात. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने विचारलं, वागळे इस्टेटचं काय? तिने सांगितलं की ऑफिसला विचारलंय, अर्धवेळ जमेल का म्हणून. त्यांचं उत्तर यायचंय.

ते उत्तर हा लेख छापायला जाईपर्यंत आलेलं नाही. फॉर्म मात्र भरलाय. ऑडिशन पुढच्या आठवड्यात आहे. दहा-बारा मिनिटं त्रिताल, मग तिला विचारतील तो ताल. रूपक येतो, झपतालाची भीती वाटते, असं तिचं म्हणणं.

रविवारी साईबाबा मंदिराजवळ भेटलो तेव्हा तिने वडिलांचं पुढचं वाक्य सांगितलं. झोपायला जाताना ते दारात थांबून म्हणाले होते, "ऑडिशनला लेहऱ्याला पेटीवर कोण बसणार? ते आधी ठरव."

मी म्हटलं, "अरे वा, म्हणजे हो म्हणाले!"

"हो म्हणाले की नाही ते मला नाही माहीत," ती म्हणाली, "पण पेटीवर तू बसणार आहेस."

प्रवेशिका पूर्णनंतर मी पेटीला हात लावलेला नाही. सोळा मात्रांचा लेहरा, एकसारखा, न थांबता, लय न सोडता दहा मिनिटं वाजवायचा. कपाटावरून पेटी काढली तर भात्याला भोक पडलेलं. दुरुस्तीला टाकलीय, गुरुवारी मिळेल. खालच्या मजल्यावरच्या बाळाच्या आईलाही विचारलंय. ती म्हणाली, चारनंतर वाजवा.